बर्नार्ड शॉ आणि सिंहाची गोष्ट

एक गुलाम मालकाच्या छळाला कंटाळून पळून जातो. रानातल्या एका गुहेत तो आसरा घेतो. थोड्या वेळाने तेथे एक सिंह लंगडत येतो. त्याच्या पंजातून रक्त वाहत असते. गुलाम घाबरतो, पण सिंह त्याच्यावर झेप घेत नाही, उलट दुखरा पंजा पुढे करतो. गुलाम भीत भीत पंजा हातात घेतो आणि त्यात रुतलेला मोठा काटा उपसून काढतो. पुढे काही वर्षांनी तो गुलाम पकडला जातो. रोम शहरात हजारो लोकांसमोर त्याला हिंस्र जनावरांपुढे टाकले जाते. एक प्रचंड सिंह त्याच्यावर धावून येतो. पण जवळ येताच तो थांबतो, शेपटी हलवतो आणि गुलामाचे हातपाय चाटू लागतो. तो तोच सिंह असतो. जनावर उपकार विसरलेले नसते.

ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलिअस नावाच्या रोमन लेखकाने ती लिहून ठेवली. पुढे ती इसापच्या गोष्टींबरोबर छापली जाऊ लागली आणि जगभर पोहोचली. गुलामाचे नाव होते अँड्रोक्लीज.

या छोट्याशा गोष्टीवर एका मोठ्या लेखकाने विनोदी नाटक लिहिले. त्या नाटकावरून पुढे हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाला. त्यानंतर तेच नाटक एका अगदी नव्या लिपीत छापले गेले. हा लेखक म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ. शाळेचा कंटाळा असलेला, चार माणसांसमोर बोलताना थरथर कापणारा एक गरीब मुलगा जगातला एक थोर नाटककार कसा झाला, ते आपण या पाठात पाहू.

शॉ यांचा जन्म २६ जुलै १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. त्यांचे वडील धान्याचे व्यापारी होते. पण त्यांना दारूचे व्यसन होते. त्यामुळे व्यापार बुडत गेला आणि घरात पैशाची ओढाताण होऊ लागली. वडिलांची ती अवस्था पाहून लहानग्या जॉर्जच्या मनाला फार वेदना होत. त्यांनी स्वतः जन्मभर दारूला स्पर्श केला नाही. आई उत्तम गात असे. घरात सदैव गाण्याचा रियाज चाले. बालपणी पोटभर माया मिळाली नाही, तरी संगीत मात्र भरपूर मिळाले, आणि ते त्यांच्या पुढे फार उपयोगी पडले.

शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही. एकामागून एक शाळा बदलल्या. पण घोकंपट्टी आणि शिक्षा यांशिवाय तेथे काही मिळते असे त्यांना वाटेना. मात्र शाळा आवडत नव्हती म्हणून शिकणे आवडत नव्हते, असे नाही. ते पुस्तके वाचत. डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात जाऊन तासन्‌तास चित्रे पाहत. हे ऋण त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या संपत्तीचा एक वाटा त्या संग्रहालयाला ठेवला. सिंहाप्रमाणे तेही उपकार विसरले नाहीत, असे म्हणायला हरकत नाही.

वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते एका कचेरीत कारकून म्हणून कामाला लागले. लोकांच्या जमिनींची भाडी आणि खंड गोळा करणारी ती कचेरी होती. त्यांनी काम चोख केले, लवकरच रोखपालाची जागाही मिळाली. परंतु आयुष्यभर दुसऱ्यांची भाडी मोजत बसणे त्यांना नको होते. आई आणि बहिणी आधीच लंडनला गेल्या होत्या. १८७६ साली, विसाव्या वर्षी, शॉ यांनी नोकरी सोडली आणि तेही लंडनला गेले.

लंडनमध्ये त्यांची वाट कोणी पाहत नव्हते. लेखक व्हायचे ठरले होते. पण लेख कोण छापणार? त्यांनी एक नियम केला. रोज पाच पाने लिहायचीच. मन लागो वा न लागो, पाच पाने पूर्ण झाल्याशिवाय उठायचे नाही. अशा रीतीने १८७९ ते १८८३ या काळात त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. एकामागून एक प्रकाशकांनी त्या परत पाठवल्या. लेखणीतून जवळजवळ काहीच मिळत नव्हते. घर आईच्या संगीताच्या शिकवण्यांवर चालत होते. अंगावरचा कोट विरला होता, बुटांना भोके पडली होती. अशा वेळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाने त्यांना आधार दिला. तेथे ऊब होती, प्रकाश होता आणि पुस्तके फुकट वाचायला मिळत. शॉ यांचे खरे विद्यापीठ तेच. पुढे मृत्युपत्रात त्यांनी ब्रिटिश म्युझियमलाही आपल्या संपत्तीचा वाटा दिला.

त्यांची आणखी एक अडचण होती. ते फार लाजाळू होते. एकदा ते एका वादविवाद मंडळाच्या सभेला गेले आणि बोलायला उभे राहिले. छाती धडधडू लागली, हात कापू लागले. आपले हसे झाले असे त्यांना वाटले. दुसरा कोणी असता तर त्याने सभेचे नावही पुन्हा काढले नसते. शॉ यांनी उलट केले. प्रत्येक सभेला जायचे आणि प्रत्येक सभेत बोलायचे, असे त्यांनी ठरवले. ते सभागृहांत बोलले, बागांत बोलले, रस्त्याच्या कोपऱ्यावर खोक्यावर उभे राहूनही बोलले. एकदा भर पावसात श्रोते म्हणून फक्त सहा पोलीस उभे होते, तरी ते दीड तास बोलत राहिले, असे सांगतात. बोलण्याबद्दल ते पैसे घेत नसत. काही वर्षांतच त्यांची गणना इंग्लंडमधील उत्तम वक्त्यांत होऊ लागली. दुसऱ्या भाषेत बोलताना आपलीही जीभ अडखळते आणि कोणी हसेल की काय, अशी भीती वाटते. अशा वेळी शॉ यांचा हा उपाय आठवावा.

ही भाषणे कशाबद्दल असत? गरिबीबद्दल. लंडन हे त्या काळी जगातले एक श्रीमंत शहर होते. पण त्याच शहरात मजुरांच्या वस्त्या अंधाऱ्या आणि घाणेरड्या होत्या. गरिबी हा गरिबांचा दोष नसून समाजाच्या व्यवस्थेचा दोष आहे, असे शॉ यांचे मत बनले. १८८४ साली ते फेबियन सोसायटी या संस्थेचे सभासद झाले. रक्तपात न करता, कायदे बदलून आणि लोकांना शिक्षण देऊन हळूहळू समाज सुधारावा, असे या संस्थेचे म्हणणे होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही प्रसिद्ध शिक्षणसंस्था १८९५ साली ज्या मंडळींनी उभारली, त्यांत शॉ होते. याच संस्थेत पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शिक्षण घेतले, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

हळूहळू वर्तमानपत्रांत काम मिळू लागले. लहानपणी कानावर पडलेले संगीत आता कामी आले. ते संगीताच्या कार्यक्रमांवर लिहू लागले, नंतर नाटकांवर लिहू लागले. त्यांची टीका तिखट असे. पण वाचकाला हसू आल्याशिवाय राहत नसे. दुसऱ्यांची नाटके पाहता पाहता त्यांनी स्वतः नाटक लिहिले. त्यांचे पहिले नाटक १८९२ साली रंगभूमीवर आले. गरिबांच्या पडक्या खोल्यांचे भाडे घेऊन सभ्य माणसे कशी श्रीमंत होतात, असा त्याचा विषय होता. डब्लिनच्या कचेरीत जे पाहिले होते, ते असे नाटकात उतरले. त्या वेळी शॉ छत्तीस वर्षांचे होते. म्हणजे लेखक होण्याचा निश्चय केल्यापासून सोळा वर्षे गेली होती!

पुढे त्यांनी मागे वळून पाहिले नाही. ‘आर्म्स अँड द मॅन’, ‘मेजर बार्बरा’ अशी एकाहून एक सरस नाटके त्यांनी लिहिली. १८९८ साली शार्लट पेन-टाउनशेंड या सुशिक्षित आणि सधन स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १९०६ पासून ते लंडनजवळच्या अयट सेंट लॉरेन्स या लहानशा खेड्यात राहू लागले. बागेच्या टोकाला एक छोटी लाकडी खोली होती. त्या खोलीत बसून ते लिहीत.

शॉ यांची रीत अशी होती, की लोकांना आधी हसवायचे आणि हसता हसता विचार करायला लावायचे. १९१२ साली त्यांनी अँड्रोक्लीजची जुनी गोष्ट हाती घेतली. मुलांसाठीचे नाटक कसे असावे हे दाखवून देण्याचाही त्यांचा हेतू होता. मुलांना परीकथेबरोबर गंभीर विचारही पेलतो, असा त्यांचा विश्वास होता. या नाटकाचे नाव ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’. त्याचा पहिला प्रयोग १९१२ साली जर्मन भाषेत बर्लिन येथे झाला. लंडनमध्ये ते १ सप्टेंबर १९१३ रोजी रंगभूमीवर आले.

मूळ गोष्टीत शॉ यांनी बराच बदल केला. त्यांचा अँड्रोक्लीज हा गुलाम नाही. तो एक साधाभोळा शिंपी आहे. माणसांइतकीच जनावरांवर त्याची माया आहे. त्याची बायको सतत त्याच्यावर डाफरत असते. सिंहाच्या पंजातला काटा काढताना तो लहान मुलाची समजूत घालावी तसा सिंहाला गोंजारतो. काटा निघाल्यावर सिंह आणि शिंपी हात धरून नाचू लागतात, तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकतो. रंगमंचावर सिंहाच्या कातड्यात नटच असतो. आणि हे सर्वांना ठाऊक असूनही मजा कमी होत नाही.

परंतु यानंतर नाटक गंभीर वळण घेते. रोमच्या बादशहाने ख्रिस्ती धर्म मानणाऱ्या लोकांना पकडण्याचा हुकूम दिलेला असतो. अँड्रोक्लीजही त्यांच्यात असतो. या कैद्यांना सुटकेचा मार्ग अगदी सोपा आहे. रोमच्या देवतेपुढे चिमूटभर धूप जाळायचा, की लगेच मोकळे! लाविनिया नावाची एक थोर घराण्यातील तरुणी या कैद्यांत असते. रोमन सेनेचा एक कप्तान तिच्यावर प्रेम करतो. तो तिला पुन्हा पुन्हा विनवतो. मनात काहीही असो, हाताने तेवढा धूप टाक आणि जीव वाचव, असे त्याचे म्हणणे असते. लाविनिया नकार देते. मनात एक आणि हाताने दुसरेच, असे करून वाचलेला जीव तिला नको असतो.

प्रत्येक कैदी वेगळ्या स्वभावाचा दाखवला आहे. फेरोविअस हा अंगाने पहिलवान आणि फार तापट माणूस आहे. मार खाऊनही हात उचलायचा नाही, असा त्याने निश्चय केलेला असतो; पण मैदानात उतरल्यावर तो भान विसरतो आणि सहा योद्ध्यांना ठार करतो. नंतर त्याला स्वतःचीच लाज वाटते. बादशहा मात्र खूश होतो. असे शूर लोक आपल्या सैन्यात असावेत म्हणून तो छळ थांबवण्याचा हुकूम देतो. स्पिंथो नावाचा दुसरा कैदी भित्रा आहे. जीव वाचवण्यासाठी तो धूप टाकायला धावतो आणि वाटेतच सिंहाच्या तोंडी सापडतो. शेवटी तमाशा पुरा व्हावा म्हणून बिचाऱ्या शिंप्याला सिंहापुढे उभे करतात. सिंह त्याला ओळखतो आणि पुन्हा दोघांचा नाच सुरू होतो. मग सिंह बादशहाच्याच मागे लागतो. सर्व जगाला थरथर कापायला लावणारा बादशहा एका शिंप्यामागे लपतो! शेवटी अँड्रोक्लीज आणि सिंह दोघेही मोकळे होऊन निघून जातात. एकाची गुलामी संपते आणि दुसऱ्याचा पिंजरा सुटतो.

या नाटकावर लंडनमध्ये बरीच टीका झाली. धर्मासारख्या विषयात विनोद कशाला, असे अनेकांना वाटले. शॉ यांचे म्हणणे वेगळे होते. हे नाटक एका धर्माविरुद्ध दुसऱ्या धर्माचे नाही. ज्याच्या हाती सत्ता असते, तो दुबळ्यांच्या विश्वासाची चेष्टा करतो आणि त्यांना आपल्यासारखे व्हायला भाग पाडतो. हे केवळ रोममध्ये झाले नाही. सर्व काळांत आणि सर्व देशांत झाले आहे. अशा वेळी माणसाने काय करावे, हा या नाटकातला खरा प्रश्न आहे. लाविनिया, फेरोविअस, स्पिंथो आणि अँड्रोक्लीज ही त्या प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरे आहेत.

शॉ यांच्यावरही अशी वेळ आली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. सगळे इंग्लंड युद्धाच्या उत्साहात असताना शॉ यांनी युद्धाला दोन्ही बाजू जबाबदार आहेत, असे लिहिले. लोक संतापले. जुन्या मित्रांनी बोलणे सोडले. त्यांच्या पुस्तकांवर आणि नाटकांवर बहिष्कार घालण्याची भाषा सुरू झाली. शॉ यांनी आपले शब्द मागे घेतले नाहीत. मात्र त्यांची सर्वच मते बरोबर होती, असे समजू नये. उतारवयात त्यांनी युरोपातील काही हुकूमशहांची स्तुती केली. १९३१ साली ते रशियाला जाऊन स्टालिन यांना भेटले आणि तेथील राज्यकारभाराचे गुण गात परतले. तेथे चाललेला जुलूम त्यांनी पाहिला नाही किंवा पाहू इच्छिला नाही. बादशहाच्या जुलमाची खिल्ली उडवणारा लेखकही असा फसू शकतो. थोरांच्या चुकांपासूनही शिकता येते.

१९२५ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. त्यांनी सन्मान स्वीकारला, पण पैसे स्वतःसाठी घेतले नाहीत. स्वीडिश भाषेतील चांगली पुस्तके इंग्रजीत यावीत यासाठी त्यांनी ती रक्कम दिली. एका भाषेतली संपत्ती दुसऱ्या भाषेत नेणे हे मोठे काम आहे, हे त्यांना माहीत होते. १९३१ साली लंडनमध्ये त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. जानेवारी १९३३ मध्ये जगाच्या सफरीवर असताना त्यांचे जहाज मुंबईलाही आले होते.

आता चित्रपटाची हकिकत. सुरुवातीला चित्रपट मुके होते. शॉ यांची नाटके म्हणजे संवादांची आतषबाजी. संवादच नसतील तर उरणार काय? म्हणून त्यांनी अनेक वर्षे आपली नाटके चित्रपटांसाठी दिली नाहीत. बोलपट आल्यावर त्यांनी दोन नाटके दिली, पण एकही शब्द गाळायचा नाही अशी अट घातली. नट उभे राहून नुसते बोलत राहिले आणि ते चित्रपट पडले. रंगमंच आणि पडदा यांच्या रीती वेगळ्या आहेत, हे शॉ यांना कळायला थोडा वेळ लागला.

अशा वेळी गॅब्रिएल पास्कल नावाचा एक निर्माता त्यांच्या दारी आला. तो मूळचा हंगेरीचा. त्याच्या खिशात जवळजवळ काहीच पैसे नव्हते, असे सांगतात. मोठमोठ्या कंपन्यांना नकार देणाऱ्या शॉ यांनी या फाटक्या खिशाच्या माणसावर विश्वास टाकला. त्यांना त्याच्यात कलेची खरी ओढ दिसली असावी. कदाचित भोके पडलेले बूट घालून लंडनमध्ये फिरणारा एक तरुणही त्यांना आठवला असेल.

दोघांनी मिळून पहिला चित्रपट केला तो ‘पिग्मॅलिअन’, १९३८ साली. यामागेही एक प्राचीन कथा आहे. पिग्मॅलिअन नावाचा शिल्पकार आपणच घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो आणि तो पुतळा जिवंत होतो. शॉ यांनी शिल्पकाराच्या जागी भाषेचा प्राध्यापक आणि पुतळ्याच्या जागी रस्त्यावर फुले विकणारी एक गरीब मुलगी आणली. तिचे बोलणे सुधारले की लोक तिला थोर घराण्यातील समजू लागतात. म्हणजे माणसाची किंमत त्याच्या उच्चारावरून ठरवणारे लोकच किती खोटे, हे त्यात दिसते. चित्रपटासाठी शॉ यांनी काही नवे प्रसंग लिहून दिले. मात्र शेवट त्यांच्या मनाविरुद्ध गोड करण्यात आला. पटकथेसाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा ते बयाऐंशी वर्षांचे होते. नोबेल आणि ऑस्कर ही दोन्ही पारितोषिके मिळवणारे ते पहिले गृहस्थ. दुसरे नाव जुळायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी गीतकार बॉब डिलन यांना नोबेल मिळाले. ‘पिग्मॅलिअन’ नाटक आपल्या दोन्ही भाषांत आले आहे. बेगम कुदसिया झैदी यांनी ते उर्दूत ‘आझर का ख्वाब’ या नावाने आणले आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्यावरून मराठीत ‘ती फुलराणी’ हे नाटक रचले.

यानंतर पास्कल यांनी ‘मेजर बार्बरा’ आणि ‘सीझर अँड क्लिओपात्रा’ हे चित्रपट काढले. दुसऱ्या चित्रपटावर पाण्यासारखा पैसा खर्च झाला आणि तो भरून निघाला नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये काम करणे पास्कल यांना अवघड झाले. ते अमेरिकेत गेले आणि ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’च्या तयारीला लागले.

इकडे शॉ आता वृद्ध झाले होते. १९४३ साली पत्नीचे निधन झाले होते. चौऱ्याण्णवाव्या वर्षीही ते लिहीत होते आणि बागेत काम करीत होते. सप्टेंबर १९५० मध्ये झाडाची फांदी छाटताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. २ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची आणि पत्नीची रक्षा एकत्र करून त्यांच्या लाडक्या बागेत विखुरण्यात आली.

म्हणून सिंहाचा चित्रपट शॉ यांना पाहता आला नाही. तो १९५२ साली हॉलिवूडच्या आर.के.ओ. कंपनीतर्फे तयार झाला. दिग्दर्शक होते चेस्टर अर्स्किन. अ‍ॅलन यंग यांनी शिंप्याची, जीन सिमन्स यांनी लाविनियाची, व्हिक्टर मॅच्युअर यांनी कप्तानाची, तर मॉरिस इव्हान्स यांनी बादशहाची भूमिका केली. गोष्ट प्रसिद्ध, नट नामांकित. तरीही चित्रपटाला फारसे यश मिळाले नाही. असे का झाले असावे? हॉलिवूडच्या प्रेक्षकांना रोमच्या भव्य चित्रपटांची सवय होती. त्यांना महाल, फौजा आणि लढाया हव्या असत. शॉ यांचे नाटक तर अशा भपक्याला हसणारे होते. शिवाय रंगमंचावर सिंह म्हणजे कातडे पांघरलेला नट, हे ठाऊक असल्याने भीतीबरोबर हसूही येते. पडद्यावर सर्व काही खऱ्यासारखे दाखवायचे म्हटले, की ते हसू टिकवणे कठीण जाते. आणि कोणता शब्द ठेवावा, कोणता गाळावा, हे सांगायला आता शॉ नव्हते. दोन वर्षांनी, १९५४ साली, पास्कल यांचेही निधन झाले.

पण सिंहाची गोष्ट येथे संपली नाही. इंग्रजी भाषेची लिपी सदोष आहे, असे शॉ यांचे मत होते. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि उच्चार चाळीसच्या वर. ‘क’ या एका उच्चारासाठी कधी सी, कधी के, तर कधी क्यू वापरतात. काही अक्षरे लिहायची, पण उच्चारायची नाहीत! यामुळे मुलांची वर्षे वाया जातात, असे त्यांना वाटे. म्हणून इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करण्याकरिता त्यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवले. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने ही तरतूद मान्य केली नाही. पण शेवटी तडजोडीने थोडी रक्कम त्या कामासाठी मिळाली. स्पर्धा घेऊन नवी लिपी तयार झाली. १९६२ साली त्या लिपीत शॉ यांचे एक नाटक छापण्यात आले. एका पानावर नेहमीची लिपी आणि समोरच्या पानावर नवी. हे नाटक होते ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’!

ती लिपी काही रूढ झाली नाही. लोक जुन्याच लिपीत लिहीत राहिले. परंतु शॉ यांच्या विचाराचे महत्त्व आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल. उर्दूत ‘स’ या एका उच्चारासाठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे आहेत. आणि झाल, झे, झ्वाद, झोय यांतला फरक बोलताना ऐकू येत नाही. मराठीत याच्या उलट आहे. चंद्र आणि चाक हे दोन्ही शब्द एकाच ‘च’ने लिहितात, पण उच्चार वेगवेगळे. उजवीकडून डावीकडे लिहिणारा आपला हात मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे चालू लागतो. सुरुवातीला चुका होतात. मात्र दोन लिपी वाचणाऱ्या मुलाला दोन घरांची दारे उघडी असतात.

शॉ यांच्या आयुष्यात अडचणींचे काटे पुष्कळ होते. घरची गरिबी, परत आलेल्या कादंबऱ्या, लोकांसमोर कापणारे पाय. ते काटे त्यांनी रोजच्या सरावाने स्वतःच एकेक करून काढले. मग समाजाच्या पंजात रुतलेला काटा कोठे आहे, हे ते हसत हसत दाखवत राहिले. त्यांची सर्व मते आपल्याला पटलीच पाहिजेत असे नाही. तरीही मनात एक आणि हाताने दुसरे असे करू नये, हे लाविनियाने शिकवले. आणि दुसऱ्याची वेदना दिसली तर आधी तिच्याकडे पाहावे, आपली भीती नंतर, हे त्या गरीब शिंप्याने दाखवले. एका जुन्या छोट्या गोष्टीत एवढे सर्व दडलेले होते. ते बाहेर काढणारा माणूस आज नाही. त्याची नाटके मात्र आजही रंगभूमीवर जिवंत आहेत.